तेलाची की आट्यांची

शिंगणापुरात घराला दार नसतं. चौकट असते, उंबरा असतो, कुत्रं येऊ नये म्हणून टेकवलेली फळी असते. पण कडी नाही की कुलूप नाही. मात्र त्याच गावचा माणूस शीव ओलांडून नगरच्या वाटेला लागला, की घरी न लावलेल्या साऱ्या कड्या मनाला लावून घेतो. गहिनीनाथ मिस्त्री तसाच होता. आणि त्याची बायको मनकर्णा त्याच्याहून दोन कड्या पुढं.

घरालगतच्या पत्र्याच्या छपरात गहिनीनाथ मोटारी दुरुस्त करायचा. देवाला येणाऱ्यांच्या चार-दोन गाड्या, सोनईच्या बागाइतदारांच्या जीपा. एकाहत्तर सालच्या आषाढात जॅक निसटला आणि जीप त्याच्यावर आली. चाकाशी लावलेल्या धोंड्यानं तिला अर्ध्यात अडवलं, म्हणून खांद्यावर निभावलं. मनकर्णेनं त्याला दोन्ही पाय धरून ओढून काढलं. तो विव्हळत होता, ती मुकी झाली होती. तिला वाचा फुटली ती तिसऱ्या दिवशी.

"गाडी वर धरंल असं काहीतरी खातरीचं आना," ती म्हणाली. "तवर गाडीखाली गेलात तर मी बी तुमच्या शेजारी येऊन निजंन. दोघांचं संगंच हू द्या."

गहिनीनाथनं खड्डा खणला, म्हणजे गाडी वर आणि आपण खाली उभं राहायचं. काळी माती ती. पहिल्याच पावसात कडा बसल्या आणि खड्ड्यात बेडकं ओरडू लागली. साखळीची कप्पी टांगावी, तर छपराच्या लाकडांना गाडीचं वजन पेलेना. राहिली गाडी उचलायची लिफ्ट.

तसा त्यानं निरोप धाडला, आणि नागापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतून इब्राहिमचं कार्ड आलं. मिलिटरीच्या लिलावातलं जुनं लोखंड घेऊन विकायचा त्याचा धंदा. कार्डात दोनच ओळी: 'दोन लिफ्टा आल्या आहेत. शनवारीच या.'

"शनवारीच?" मनकर्णेच्या कपाळाला आठी पडली. "शनवारी आपुन लोखंड घेत न्हाई, तेल घेत न्हाई. ह्ये त्याला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय. धा वर्सं वळख हाय."

"मंग काहीतरी काळंबेरं हाय. शनवारी आपल्याला नुसतं दावायचं, आन रविवारी दुसऱ्याला द्यायचं. वरून सांगायचं, तुमी आल्ता, पन घेतलं न्हाई."

गहिनीनाथला ते पटलं. पण लिफ्ट तर हवीच होती. शनिवार त्याच्या कामाचा दिवस. तो बुडवून दोघं घोडेगावापर्यंत बैलगाडीनं, तिथून एसटीनं आणि पुढं टांग्यानं नागापूरला पोचली. मनकर्णेनं भाकरी बांधून घेतल्या होत्या. इब्राहिमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, मिंधेपण येतं, असं तिनं वाटेतच बजावलं होतं.

इब्राहिम तोंडभर हसला. "या वैनी! गहिनीभाऊ, खांदा कसा हाय?"

"हाय जागच्या जागी," मनकर्णाच बोलली. "माल दावा."

एक लिफ्ट हिरव्या ताज्या रंगात लखलखत होती. तेल भरलेली दोन जाड नळकांडी, बाजूला हातपंप. इब्राहिमनं पंप दाबताच वर चढवलेली जीप लोण्यातून वर यावी तशी अलगद उचलली गेली. गहिनीनाथचे डोळे लहान पोरासारखे झाले.

दुसरी कोपऱ्यात उभी होती. चार खांब, प्रत्येक खांबात मनगटाएवढा आट्यांचा स्क्रू, चारींना फिरवणारा एकच दांडा. अंगभर गंज. दांडा शंभरदा फिरवावा तेव्हा गाडी वीतभर चढणार.

"तुमच्यासाठी ही," इब्राहिमनं गंजकीवर हात ठेवला. "तेलाची तुमाला देत न्हाई."

"का?" गहिनीनाथचा आवाज चढला.

"ती आप्पासाहेबांनी बघून ठेवलीया. सोनईच्या."

मनकर्णेनं नवऱ्याकडं पाहिलं. बघा, मी काय म्हनत हुते. ती त्याला बाजूला घेऊन कुजबुजली, "चांगली बागाइतदाराला, मोडकी आपल्याला. आस्सल ती त्याच्यासाठी राखून ठिवतोय ह्यो."

इब्राहिमला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "जीप आशीच वर ऱ्हाऊ द्या. तुमी जेवून घ्या, मंग बोलू. पन वैनी, आधी चाकापासून भुईपतुर माप घ्या. तुमच्या हातानं. माझ्या टेपावर तुमचा इस्वास बसायचा न्हाई."

"बसतच न्हाई," ती म्हणाली, आणि पदराची एक लांब दशी तोडून चाकाला बांधली. खालचं टोक ताणून धोंड्याखाली दाबलं. दशी वीणेच्या तारेसारखी ताठ झाली.

दोघं लिंबाखाली जेवायला बसली. मनकर्णेनं पाठ लिंबाला आणि तोंड जीपकडं ठेवलं. घास हातात, डोळा इब्राहिमवर. तो जीपकडं फिरकलासुद्धा नाही. लांब बाजेवर बसून विडी ओढत राहिला. शेवटी तर डोक्यावर टोपी ओढून आडवा झाला.

जेवून उठल्यावर मनकर्णेनं दशीला हात लावला. ती सैल पडली होती. ताणून पाहिलं, तर दोन बोटं जास्तीची.

"पंपाला कुनी हात लावला?" ती ओरडली.

"तुमीच राखन करत हुता की," इब्राहिम बाजेवरूनच म्हणाला. "आतलं तेल झिरपतंय वैनी. तिचे वाशर मिळत न्हाईत कुटं. आप्पासाहेबांना सांगूनच दिलीया. त्यांना गाड्या धुवायच्यात. धुणारा भायेर उभा ऱ्हातो. गहिनीभाऊ खाली निजतो."

गहिनीनाथ खाली बघू लागला. मनकर्णा मात्र गंजक्या लिफ्टकडं वळली.

"आता हिच्यावर घ्या जीप."

दांडा फिरवता फिरवता इब्राहिम आणि गहिनीनाथ दोघांचाही घाम निघाला. तिनं पुन्हा दशी बांधली. मग म्हणाली, "इब्राहिमभाई, तुमी निजा खाली."

"वैनी!" गहिनीनाथ चपापला.

"वैनी काय? मी तुमची बायको हाय. निजा भाई."

इब्राहिम हसला, टोपी काढून ठेवली आणि जीपखाली सरकला. वर तीस मण लोखंड. मनकर्णा शेजारी उकिडवी बसली.

"किती येळ?" खालून आवाज आला.

"धा भाकरी भाजंपतुर."

"आन चटनी?"

"ती बी वाटायचीया."

सावली हातभर सरकली. दशी ताठच राहिली. खालून घोरणं ऐकू येऊ लागलं, तेव्हा कुठं मनकर्णेनं मागं टेकून श्वास सोडला. इब्राहिमला उठवून ती म्हणाली, "येवढं खरं हुतं, तर शनवारी कशाला बोलावलं?"

"शनवारी तुमी घ्यायचं न्हाई, ठावं हाय मला. घ्यायचं नसलं की मानूस डोळं उघडून बघतो. ईरवी गहिनीभाऊनं हिरवा रंग बघितला आसता, आन तितंच इसार दिला आसता."

मंगळवारी गंजकी लिफ्ट टेम्पोनं शिंगणापुरात आली. चार खांब पुरले, आटे घासून ग्रीस भरलं. गहिनीनाथ गाडीखाली शिरणार, एवढ्यात मनकर्णा जात्यावरनं उठून आली आणि दांड्याला पाठ लावून बसली.

"आजून संशेव?"

"लोखंडावर न्हाई. पन खाली तुमी गप झालात की माझा जीव घाबरतो. काहीतरी म्हना."

"काय म्हनू?"

"आईच्या ववीतलं म्हना. येत आसंल ते."

खालून बेसूर, पण मोठ्यानं आवाज आला:

*माझ्या अंगनाचा लिंब, त्याची साउली लांबली,*
*भैन येता येता माझी…*

आणि आवाज बंद झाला. मनकर्णा ताडकन उठली. दोन्ही हातांनी दांडा धरला, वाकून खाली पाहिलं.

"अवं! भैनीचं काय झालं? फुडं म्हना!"

"दातांत नट हाय गं!"

"मंग हूं तरी करा."

खालून हूं आलं. पुन्हा हूं. ती बसली, आणि दर हूंला मान डोलवत राहिली.