कोरडी नळी

गेबहार्ट ट्राटनरच्या बायकोचं नाव वालबुर्गा, पण सगळं खोरं तिला बुर्गल म्हणायचं. रविवारी चर्च सुटलं, की गावच्या खानावळीत तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला जायचा. हा खेळ गेबहार्टनेच काढलेला. गावचं शिकारीचं रान त्याच्या नावावर होतं, जनावरं हाकून बंदुकींपुढे आणायच्या हाकाऱ्यात कोण कुठे उभं राहायचं ते तोच ठरवायचा, मग त्याच्या विनोदाला हसणार नाही तो जाणार कुठे?

"बघा रे, नीट बघा!" तो टेबलावर रायफल ठेवून म्हणायचा. "बोल्ट मागे ओढला, निघाला. गोळ्यांची पेटी दाबली, सुटली. चावीने दोन नट फिरवले, की नळी हातात! तुमच्या बापजाद्यांच्या बंदुका साफ करायला अख्खी दुपार जायची. ही तर माझी बायकोसुद्धा जोडते, आणि तीही आंधळी होऊन. कर गं बुर्गल."

बुर्गल करायची. बोटांना सगळं पाठ होतं. असणारच, कारण ती बंदूक साफ करत होती तीच! गेबहार्टने आजवर त्या नळीतून साधा फडका ओढला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! बंदूक जोडून झाली की मंडळी टाळ्या वाजवायची, गेबहार्ट तिच्या पाठीवर थाप मारायचा, ती थाप जरा जोरातच असायची, आणि मग तिच्यापुढे पेला सरकवला जायचा. टेबलाखाली टासो झोपलेला असायचा.

टासो म्हणजे तिचा कुत्रा. रक्ताचा माग काढणारा, लांब कानांचा, तांबूस. इतरांच्या गोळीने जखमी होऊन पळालेलं जनावर शोधायचं ते त्यानेच. त्याच्या नाकावर गेबहार्टने वर्षानुवर्षं नाव कमावलं होतं. आता तो म्हातारा झाला होता. कान गेले होते, मागचे पाय धरायचे. नाक मात्र शाबूत होतं. बुर्गलला मूलबाळ नव्हतं. दिवसभरात ती जे काही बोलायची ते त्या बहिऱ्या कुत्र्याशी.

नोव्हेंबरात, रानडुकरांच्या मोठ्या हाकाऱ्याच्या आदल्या रविवारी, गेबहार्टने टेबलाखाली पाहिलं आणि म्हणाला, "या म्हाताऱ्याचा शनिवारी निकाल लावतो. फुकट खायला घालायला ही काही खैरात नाही."

गरज सरो, वैद्य मरो. बुर्गलने पेला खाली ठेवला.

"त्याचं नाक अजून चालतं," ती म्हणाली.

"चालतं? मग दाखव ना चालवून!" गेबहार्टला चेव आला. माणसं ऐकत असली की त्याला चेव यायचाच. "ऐका रे सगळे. शनिवारी माझ्या डुकराचा माग काढून याच्या पट्ट्यात डहाळी लागली, तर हा मरेपर्यंत माझ्या चुलीपाशी झोपेल. नाही लागली, तर संध्याकाळी मागच्या खड्ड्यात. माझा शब्द!"

तिथली रीत अशी, की जनावर मिळालं की ज्याने मारलं त्याला फर नावाच्या सूचिपर्णी झाडाची डहाळी द्यायची, टोपीत खोवायला. कुत्र्याने माग काढून जनावर मिळवलं असेल, तर त्या डहाळीचा तुकडा मोडून कुत्र्याच्या पट्ट्यात लावायचा. लहानशी गोष्ट, पण ती माणसं तिच्यासाठी जीव टाकतात.

"आणि जखमी जनावर आणायचं कुठून?" म्हातारा कोलोमान हसला. तो सगळ्यांत जुना शिकारी, चार दात उरलेला. "तुझी गोळी लागली की डुक्कर जागच्या जागी आडवं होतं. कुत्रा काय हुंगणार, तुझे बूट?"

"तेच तर!" गेबहार्ट म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. बुर्गलही हसली. हसावंच लागतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने बंदूक साफ केली. नळी काढली, फडका ओढला, गंज लागू नये म्हणून आतून तेलाचा हात फिरवला. तेल लावून ठेवायचं आणि शिकारीच्या सकाळी कोरडा फडका ओढून ते टिपून घ्यायचं, हा नियम त्या खोऱ्यात पोरंही जाणतात. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी भरवशाची नसते. दुसरी सरळ जाते, पण पहिलीचं काही सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी तिने कोरडा फडका हातात घेतला, चुलीपाशी पडलेल्या टासोकडे पाहिलं, आणि फडका परत खिशात घातला. उलट तेलाचे आणखी दोन थेंब सोडले. डुकराच्या पोटात गोळी बसेल, आतडी ओढत ते रानभर फिरेल, हे तिला कळत होतं. फिरू दे, ती मनात म्हणाली. माझा कुत्रा जगला पाहिजे. बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

"कोरडी केलीस ना?" गेबहार्टने बूट चढवत विचारलं.

"कधी राहिली आहे का?" ती म्हणाली. त्याने बघितलंही नाही. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे नुसतं पाहायचं, पण तेवढेही कष्ट कोण घेणार!

हाका सुरू झाला. गेबहार्टच्या बाजूने एकच बार ऐकू आला, मग शांतता. शिंग वाजून हाका संपला, तेव्हा तो बीच नावाच्या उंच झाडांखाली उभा होता, चेहरा लालबुंद. पाचोळ्यावर काळपट रक्ताचे थेंब होते. डुक्कर नव्हतं.

"अरे देवा!" कोलोमान ओरडला. "गेबहार्टचं डुक्कर पळालं! लिहून ठेवा रे कुणीतरी!"

टासोला घेऊन बुर्गल मागे थांबली होती. गेबहार्ट बुर्गलकडे बघून एवढंच म्हणाला, "आण तुझा कुत्रा."

टासोने नाक खाली घातलं आणि तो पुन्हा तरणा झाला. लंगडत होता, पण थांबला एकदाही नाही. ओढ्यातून, काटेरी झुडपांतून, चढावरून. दोरीचं टोक धरून बुर्गल मागे धावत होती आणि रडत होती आणि तिला आनंद आवरत नव्हता. शाब्बास माझ्या राजा, शाब्बास, ती बहिऱ्या कुत्र्याला म्हणत होती. तिच्या मागून गेबहार्ट येत होता. बाकीची मंडळी खाली रस्त्यावर थांबली होती.

डुक्कर दाट फरच्या झुडपात बसलेलं सापडलं. उठायचं त्राण नव्हतं त्याला. टासो समोर उभा राहून भुंकू लागला, जुन्या दिवसांसारखा, भरदार आवाजात. ते भुंकणं रस्त्यापर्यंत गेलं असणार.

"बाजूला हो," गेबहार्ट म्हणाला.

बुर्गलने कुत्र्याला मागे घ्यायला दोरी खेचली. तेवढ्यात बार झाला. टासो पडला. गेबहार्टने बोल्ट सरळ मागे ओढला, पुढे ढकलला. झकास बंदूक, श्वास घ्यायलाही वेळ लागत नाही. दुसऱ्या गोळीने डुक्कर आडवं झालं.

ती कुत्र्यापाशी गुडघ्यांवर पडली. गोळी बरोबर खांद्यामागे बसली होती, जिथे जनावराला मारावी तिथेच, बोटभरही इकडेतिकडे नाही.

गेबहार्टने फरची डहाळी तोडली, तिचा तुकडा मोडला, खाली वाकला आणि टासोच्या पट्ट्यात खोवला. नीट बसवला, पडू नये म्हणून.

"शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. मग तिच्या कानाशी तोंड आणलं. "हाक्यातल्या पहिल्या गोळीला नळीतून पांढरा धूर आला, बुर्गल. जळक्या तेलाचा वास आला. कोरड्या नळीतून येतो का धूर? मी तुझा कुत्रा सोडूनही दिला असता एखादवेळेस. दहा जणांत माझं हसं करायला नको होतंस."

खाली रस्त्यावर मारलेली डुकरं फरच्या फांद्यांवर ओळीने मांडली होती. हाका झाला की तिथे खोटं कोर्ट भरतं. कुणी चुकीच्या वेळी शिट्टी वाजवली, कुणी मेलेलं जनावर ओलांडलं, असे गुन्हे. शिक्षा ठरलेली, डुकरावर पालथं पडायचं आणि शिकारी सुऱ्याच्या आडव्या पात्याचे तीन फटके खायचे. कोलोमान न्यायाधीश. त्याने टोपी उलटी घातली की हसायला सुरुवात.

"आरोपी गेबहार्ट!" तो गरजला. "पहिली गोळी पोटात! काय म्हणणं आहे?"

"नळीत तेल राहिलं होतं, महाराज," गेबहार्ट हात जोडून म्हणाला. "बंदूक माझी बायको साफ करते. अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे."

"मग बायको आणा!"

बुर्गलला आणलं. तिच्या कोटावर टासोचं रक्त होतं.

"कुत्रा कसा गेला?" कोलोमानने हळूच विचारलं.

"मधे आला," गेबहार्ट म्हणाला.

कोलोमानने बुर्गलकडे पाहिलं. साठ वर्षं रानात काढलेला माणूस, त्याला कळलं नसेल? पण पुढच्या वर्षी हाकाऱ्यात उभं राहायची जागा गेबहार्टच देणार होता. त्याने मान खाली घातली.

"तेल मी मुद्दाम ठेवलं होतं," बुर्गल मोठ्याने म्हणाली. "कोलोमान काका, मुद्दाम."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळे पोट धरून हसले. काय पण हजरजबाबी बाई! तिला डुकरावर पालथं घातलं. डुकराचे केस तिच्या गालाला टोचत होते, अंग अजून गरम होतं. पहिला फटका कोलोमानचा, नुसता टेकवल्यासारखा. दुसराही तसाच. तिसरा गेबहार्टचा. त्या फटक्याचा आवाज ऐकून दोघेतिघे हसायचे थांबले.

घरी आल्यावर त्याने रायफल टेबलावर ठेवली. "साफ कर. आणि या वेळेला कोरडी." तिने केली. बोल्ट, पेटी, दोन नट, नळी. वेळच लागला नाही. त्या बंदुकीला कसलाच डाग राहत नाही, तेवढं गेबहार्टचं खरं होतं.

रविवारी चर्च सुटलं. खानावळीत टेबलाखालची जागा रिकामी होती. "पिल्लू घेतो आता, तरणं," गेबहार्ट सांगत होता. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि बुर्गलच्या डोळ्यांवर बांधला. सुट्ट्या भागांतून बंदूक उभी राहिली, आजवर कधी नव्हती एवढ्या झटपट. टाळ्या पडल्या.

"बघा, सुधारली!" गेबहार्ट म्हणाला आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

रुमालाखाली बुर्गलचे डोळे टक्क उघडे होते.