पाटावरचा बिशप

सत्तावीस हजार सिंगापूर डॉलर. निशिकांतला एवढा नफा होणार होता. नाणं अठरा हजारांना घेतलेलं, डिसेंबरच्या लिलावात पंचेचाळीसला जाणार.

नाणं सोन्याचं, जर्मनीतल्या कुठल्याशा बिशपनं पाडलेलं. हा गृहस्थ सकाळी धर्म सांगायचा आणि दुपारी कर वसूल करायचा. पुरोहितही तोच, राजाही तोच. त्याची अशी सहाच नाणी जगात उरलीत, असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि निशिकांतला ते लगेच पटलं. नफ्याची गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

अठरा हजार कुठून आले? नीताच्या आईनं तिला लग्नात घातलेल्या चार पाटल्या त्यानं लॉकरमधून काढून लिटल इंडियातल्या सराफाला विकल्या होत्या. लिलाव झाला की तशाच चार करून ठेवायच्या, तिला कळणारसुद्धा नाही. बायकोच्या वस्तूंचा हिशेब नवरे असाच मनातल्या मनात मांडतात.

लिलाववाल्यांकडे द्यायला म्हणून त्यानं नाणं, त्याच्या सीलबंद डबीसकट, सिंगापुरातल्या बिशान भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं, ते नेमकं लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. नीताला ते बॅगेत दिसलं.

"हे काय रे?"

"ऑफिसनं दिलंय. दिवाळीचं."

"तुझ्या ऑफिसनं? सोनं? गेल्या वर्षी तर कॉफीचा मग दिला होता! बरं, उद्या पूजेत ठेवते."

नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. "ठेव की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाया लेबार भागातल्या ऑफिसातून झेंडूची फुलं घेऊन तो घरी आला. पाटावर तांदळाच्या राशीवर नाणं लखलखत होतं. बिशपच्या नाकावर कुंकू.

"डबी कुठाय?"

"ते प्लास्टिक? बत्त्यानं फोडलं. लक्ष्मीला काय डबीत कोंडून पुजायचं? आणि केवढा तांबूस मळ चढला होता! लिंबू लावून रांगोळीनं खसाखसा घासलं, तेव्हा कुठे सोनं दिसलं."

नाण्याच्या अस्सलपणाची हमी त्या सीलबंद डबीवर होती. आणि लोक पैसे मोजणार होते ते जुनेपणाची खूण असलेल्या त्या मळालाच.

"सो शायनी लाह, बाबा!" लेक जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

निशिकांत ओरडला. ओरडण्याच्या भरात अठरा हजार म्हणून गेला, मग ते कुठले, हेही सांगावं लागलं. नीतानं निरांजन खाली ठेवलं.

"खरं सांगितलं असतंस, तर मी हात तरी लावला असता का त्याला?"

लिलावात "घासलेलं" असा शेरा बसला. हातात आले सहा हजार. ते निशिकांतनं आपल्या खात्यात टाकले.

संक्रांतीला घरी मंडळी जमली, तेव्हा तो हसत सांगत होता, "आमच्या बाईसाहेबांनी बारा हजार डॉलर रांगोळीनं घासून टाकले!" सगळे हसले. नीता तिळगूळ वाटत होती, हातात काचेच्या बांगड्या.

घातले नीतानं, अठरा हजार. मिळाले निशिकांतला, सहा हजार. बुडालेले बारा हजार तेवढे नीताच्या नावावर.