मी झाकलेल्या नोंदी

मित्रांनो, जुन्या छत्रीची, गंजलेल्या सायकलची, रद्दीत गेलेल्या पुस्तकाची कहाणी तुम्ही ऐकली असेल. त्यांना निदान हातात तरी धरता येतं. मला धरता येत नाही, पुसता येत नाही आणि माळ्यावर टाकताही येत नाही. मी एक जुना ॲड-इन आहे. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे लोक ज्या खिडकीत आपलं काम टंकतात, तिला ते एडिटर म्हणतात. त्या एडिटरला बाहेरून जोडायचं छोटंसं हत्यार म्हणजे मी. मला विकत घ्यावं लागत नाही. कोणीही इंटरनेटवरून उतरवून घ्यावं आणि कामाला लावावं. माझं नाव समास. मला जिथे उघडतात तिथलं सगळं मला दिसतं आणि ऐकूही येतं. कसं ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही.

माझा जन्म एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर झाला. टेबलाच्या एका बाजूला ताई संगणक घेऊन बसली होती आणि दुसऱ्या बाजूला बाबा वर्तमानपत्र पसरून. ताई म्हणजे मला बनवणारी. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. बाबा म्हणजे तिचे वडील. त्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. पुस्तक छापण्याआधी त्याची कच्ची पानं वाचायची आणि चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. हातात कायम तांबडी पेन्सिल. निवृत्त झाले तरी ती काही सुटली नाही. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा ते तपासल्याशिवाय टाकत नसत. चूक सापडली की ताईला हाक मारून दाखवत, जणू ती तिनेच केली होती.

त्यांची एक रीत होती. वाचताना शंका आली की पानाच्या समासात एक खूण करायची आणि पुढे जायचं. शंका मिटली की त्या खुणेवर आडवी रेघ मारायची. एकही खूण रेघेवाचून उरली असेल तर पान छापायला जात नसे. छापखान्याचा मालक दारात येऊन उभा राहिला तरी जात नसे.

ताईने ही रीत लहानपणापासून पाहिली होती. प्रोग्राम लिहिणारेही अशा खुणा करतात. काम घाईचं असतं, एखादी गोष्ट अर्धी राहते, मग ते तिथेच एक ओळ लिहून ठेवतात: ‘नंतर: इथे तारीख तपासणे.’ ही ओळ संगणकासाठी नसते. ती माणसाने माणसासाठी ठेवलेली चिठ्ठी असते. पण हजारो ओळींच्या ढिगाऱ्यात चिठ्ठी पडली की पडली. पुन्हा तिच्याकडे कोण बघतो? म्हणून ताईने मला बनवलं. मी सगळ्या ‘नंतर’च्या ओळी शोधतो, खिडकीच्या कडेला एकाखाली एक मांडतो आणि प्रत्येकीपुढे ती किती दिवसांची झाली ते लिहितो. काम करून चिठ्ठी काढून टाकली की माझ्या यादीतूनही ती जाते. बस, एवढंच. मी काही फार हुशार नाही.

माझा पहिला वापर केला तो ऑफिसात ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याने. मी त्याला शेजारी म्हणूनच ओळखतो. माणूस कामाला वाघ, पण विसरभोळा. स्वतःचा डबा कुठे ठेवला ते विसरायचा. मी आलो आणि त्याचं भलं झालं. दर शुक्रवारी दुपारी तो माझी यादी उघडायचा आणि तीनचार नोंदी निकालात काढायचा. “ताई, याने माझी अब्रू वाचवली,” असं तो भेटेल त्याला सांगायचा. पुढे तो ती नोकरी सोडून गावातल्याच एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत गेला. जाताना घेऊन गेला तो मला आणि चहाचा मग.

त्यानंतर माझा बोलबाला झाला. ताईने मला सगळ्यांसाठी खुलं केलं आणि मी कुठल्या कुठे पोचलो. शाळांची वेळापत्रकं, गोदामांच्या याद्या, वाचनालयांची सूची, सगळीकडे मी. लोक ताईला कौतुकाची पत्रं पाठवत. ताई ती बाबांना वाचून दाखवी आणि बाबा त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगत. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. मला तेव्हा ते कळलं नाही.

हळूहळू पत्रांचा सूर बदलला. मोठ्या ऑफिसांत माझी यादी शेकडो ओळींची होऊ लागली. ती मी लांबवली नव्हती, त्यांनीच लांबवली होती. पण आरशावर चिडावं तसे ते माझ्यावर चिडू लागले. कोणी लिहिलं, ही कटकट बंद करा. कोणी लिहिलं, जुन्या नोंदी दाखवून आम्हाला साहेबांसमोर लाजवता का? एकाने तर लिहिलं की, जमत नसेल तर असली हत्यारं बनवू नयेत. ताई दिवसभर नोकरी करायची आणि माझ्यासाठी फक्त रविवार ठेवायची. त्या रविवारी आधी ही पत्रं वाचायची. तिचा चेहरा मला दिसायचा. तिच्या बोटांचा वेगही मंदावला होता.

शेवटी एका रविवारी तिने हात टेकले. एक वर्षाहून जुन्या नोंदी मी आपोआप झाकून टाकाव्यात, असा नियम तिने माझ्यात घातला. चार ओळींचं काम. ते करून झाल्यावर ती थबकली. नुसतं झाकणं बरोबर नाही, किती झाकल्या ते तरी दिसलं पाहिजे, असं तिच्या मनात आलं असावं. पण बाबा जेवायला थांबले होते. तिने तिथेच चिठ्ठी लिहिली: ‘नंतर: किती नोंदी झाकल्या, तो आकडा यादीखाली दाखवणे.’ मग त्या नियमासकट मला सगळ्यांसाठी खुलं केलं आणि संगणक मिटला.

पुढच्या रविवारी नळ दुरुस्त करणारा आला. त्यापुढच्या रविवारी तिच्या आत्या आल्या. मग नव्या तक्रारी आल्या. चिठ्ठी माझ्या यादीत होती, आधी वरच्या बाजूला, मग खालीखाली. ताई तिच्याकडे बघायची आणि म्हणायची, करते ग बाई. असं करता करता एक वर्ष झालं. तीनशे सहासष्टाव्या दिवशी सकाळी मी, मला सांगितल्याप्रमाणे, ती चिठ्ठी झाकली. नोंदी झाकल्याचं सांगायची आठवण मीच झाकून टाकली. ताईची यादी छोटी झाली, तिला बरं वाटलं.

मी सांगकाम्या आहे, मित्रांनो. पण त्या दिवशी मी गप्प बसलो याची मला अजूनही लाज वाटते.

त्याच सुमारास शेजाऱ्याच्या प्रयोगशाळेतही असंच घडलं होतं. तिथला नवा प्रोग्राम त्याने घाईने उभा केला होता. रक्ताचा अहवाल कोणाचा, हे तो प्रोग्राम नाव आणि तारीख पाहून ठरवायचा. हे धोक्याचं आहे हे शेजाऱ्याला कळत होतं. म्हणून त्याने लिहून ठेवलं होतं: ‘नंतर: एकाच नावाचे दोघे एकाच दिवशी आले तर घोळ होईल. नावाऐवजी नंबर बघणे.’ रोजची कामं निघत गेली, ही नोंद दर शुक्रवारी मागे राहिली आणि वर्ष भरताच मी ती झाकली. एका शुक्रवारी त्याने यादी उघडली तर यादी रिकामी. त्याने हात वर करून आळस दिला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं की आपलं सगळं काम संपलं. त्याच्या विसरभोळेपणाला माझ्यावर विसंबायची सवय लागली होती.

मग बाबांना अक्षरं पुसट दिसू लागली. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली. ताई त्यांना शेजाऱ्याच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली, ओळखीची जागा म्हणून. त्याच दिवशी बाबांच्याच नावाचा एक वाहनचालकही तिथे आला होता. अहवालांची अदलाबदल झाली. बाबांच्या हातात आलेल्या अहवालात साखर अगदी ठीक होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं, चष्मा बदला. बाबांनी चष्मा बदलला. दोनदा बदलला. तिकडे त्या चालकाला साखर वाढल्याचं कळलं. बिचाऱ्याने गोड सोडलं. पुढच्या महिन्यात दुसरीकडे तपासलं तर साखर उत्तम! पथ्याचा गुण आला म्हणून तो खूश झाला. त्यामुळे चूक कोणाच्याच लक्षात आली नाही.

पाच महिने असे गेले. मग एका सकाळी बाबांना वर्तमानपत्राच्या मध्यभागी काळा डाग दिसला आणि तो हलेना. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली होती आणि डोळ्यांच्या मागच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी कळलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं, असं ते म्हणाले. आता कडेकडेचं दिसेल, पण अक्षर दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई जुना अहवाल घेऊन शेजाऱ्याच्या खुर्चीमागे उभी होती. त्याने नोंदवही काढली. एकाच दिवशी एकाच नावाचे दोघे. त्याचा चेहरा उतरला. मी त्याच्या पडद्यावर उघडाच होतो, रिकाम्या यादीसकट.

“मी हे लिहून ठेवलं होतं,” तो म्हणाला. “खरंच सांगतो ताई, यादीत होतं. मग मला वाटलं मी ते करून टाकलं.”

ताईने त्याला ती फाईल उघडायला लावली. चिठ्ठी तिथेच होती, अक्षर न अक्षर, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेची. ताईने ती वाचली, मग कडेची माझी रिकामी यादी पाहिली आणि हळूच बाजूच्या स्टुलावर बसली.

“तू नाही विसरलास,” ती म्हणाली. “मी झाकलं.”

शेजाऱ्याने त्याच दुपारी नावाऐवजी नंबर बघायची सोय केली आणि सगळे जुने अहवाल पुन्हा ताडून पाहायला घेतले. पहिलं काम चाळीस मिनिटांचं निघालं. इतके दिवस राहिलेलं काम, चाळीस मिनिटांचं.

घरी आल्यावर ताईने मला उघडलं, माझ्याच पोटात शिरली आणि तो झाकण्याचा नियम थोडा वेळ बंद केला. झाकलेलं सगळं वर आलं. त्यात तिची चिठ्ठी होती. ताई किती वेळ तिच्याकडे बघत होती ते मी मोजलं नाही. मोजता येत असूनही मोजलं नाही. बाबा समोरच बसले होते, घडी न मोडलेलं वर्तमानपत्र मांडीवर घेऊन. बोटं थांबलेली त्यांना ऐकू आली असावीत. काय झालं, असं त्यांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता.

बाबांनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “खूण केली होतीस?”

“केली होती.”

“मग रेघ राहिली. मार आता.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. तेवीस मिनिटांत झालं. तेव्हापासून माझ्या यादीखाली एक ओळ कायम असते: झाकलेल्या नोंदी इतक्या. ताईने ही नवी आवृत्ती सगळ्यांसाठी ठेवली, सोबत झालेली चूक स्पष्ट लिहिली आणि माफी मागितली. काही लोकांची फार चांगली पत्रं आली. एकाने लिहिलं, या आकड्याची कटकट बंद करता येईल का?

पण मित्रांनो, माझ्या सगळ्याच प्रती काही बदलल्या गेल्या नाहीत. कित्येक संगणकांवर मी अजून जुनाच आहे, कोणी अपडेट केलेलंच नाही. तिथे मी आजही रोज सकाळी कोणाची तरी चिठ्ठी गुपचूप झाकतो. तिथला कोणीतरी आळस देऊन म्हणत असेल, संपलं बुवा काम. मला ओरडावंसं वाटतं, पण मला आवाज दिलेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. मोठे झालात आणि कोणाचं फुकट मिळालेलं हत्यार वापरलंत तर ते अधूनमधून उघडून बघा, नवं आलं असेल तर घ्या. खटकलं तर सांगा, पण ते कोणाच्या तरी रविवारातून आलेलं आहे हे ध्यानात ठेवून सांगा. आणि ‘नंतर’ असं लिहिलंत, तर ते करायचा दिवसही तिथेच लिहा. माझ्या यादीवर फार विसंबू नका.

आकड्याचं काम झालं त्या दिवशी संध्याकाळी ताईने आपली ती चिठ्ठी मोठ्या अक्षरात कागदावर छापली. तांबडी पेन्सिल शोधून बाबांच्या हातात दिली, त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट धरून ओळीच्या सुरुवातीला टेकवलं आणि सांगितलं, बाबा, इथपासून. बाबांनी मान ताठ केली. छापखान्यात मारत असतील तशी एका दमात, न थांबता रेघ ओढली. ती सुरुवातीलाच वर सरकली आणि शब्दांच्या डोक्यावरून कागदाबाहेर जाऊन टेबलावर उतरली.

“बसली का नीट?” त्यांनी विचारलं.

जन्मभर वडिलांनी दाखवलेल्या चुका बघत आलेल्या त्या मुलीने कागद उचलून त्याची घडी केली.

“बसली, बाबा,” ती म्हणाली.