मोहिते गुरुजींची साक्ष

“एक बात गाँठ बाँध लीजिए, मोहिते जी. कटघरे में ‘गुरुजी’ लफ़्ज़ मुँह से न निकले,” त्रिपाठी वकील म्हणाले आणि चहाचा ग्लास ह्यांच्यापुढे सरकवला.

ह्यांनी ग्लासाला हात लावला नाही. मी मात्र घेतला. लेबर कोर्टाचे जिने चढून घशाला कोरड पडली होती, आणि वकील स्वतःहून चहा पाजतो हा योग काही रोज येत नाही.

“तो फिर क्या बोलें ये?” मी विचारलं.

“मज़दूर, भाभीजी. क़ानून मज़दूर की नौकरी बचाता है, सिखाने वाले की नहीं. मास्टर साबित हुए, तो मुक़दमा वहीं ख़त्म.”

म्हणजे बघा. पंधरा वर्षं ज्या कामानं ह्यांना आमची सगळी महानगर वस्ती ओळखत होती, तेच काम आपण केलं नाही असं सांगायचं, तर न्याय मिळणार. मला असा संताप आला की ग्लास तिथंच आपटावा. पण वकिलाचं तरी काय चुकलं? कायदा त्यानं थोडाच केला होता.

आमचे हे, श्रीरंग मोहिते, मूळचे मिरजेचे. फौजेत होते, इकडं उत्तरेतल्या छावणीतून निवृत्त झाले आणि प्रभात क्लबात पोहण्याचे कोच म्हणून लागले. मी म्हटलं होतं, गावी जाऊ. पण ह्यांना पाणी दिसलं की माणूस हलत नाही! एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पोरं शिकवायची. थंडीत तलाव रिकामा करून तळाचं शेवाळ घासायचं, चुना लावायचा. उन्हाळ्यात रोज पहाटे फिटकरी, म्हणजे आपली तुरटी, आणि ब्लीचिंग पावडर टाकायची. हे घासण्याचं काम खरं तर माळ्याचं. पण माळी कोपऱ्यात शेवाळ ठेवायचा, पोरं घसरायची, म्हणून ह्यांनीच ब्रश हातात घेतला. हातांना अशा भेगा पडायच्या की रात्री मी खोबरेल चोळत बसायची.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात क्लबच्या सेक्रेटरीचे साडू संध्याकाळी पिऊन आले आणि पोरांच्या वेळात पाण्यात उतरले. ह्यांनी आधी हात जोडून सांगितलं. साडूमहाशयांनी शिवी दिली. मग ह्यांनी दंडाला धरून बाहेर काढलं आणि कठड्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी फाटकावरचा चौकीदार रडवेला होऊन म्हणाला, “गुरुजी, ऊपर से मना है.” ना नोटीस, ना चौकशी. आणि वर आमच्या वस्तीजवळच्या कपूरथळा बाजारात बोभाटा, की मोहितेंनी मेंबरवर हात टाकला. मी सब्जी घ्यायला गेले तर बायका गप्प व्हायच्या.

त्या दिवशी वकिलाकडून घरी आल्यावर हे कूलरसमोर जाऊन बसले. आमची अपूर्वा माझ्या कानाशी कुजबुजली, “मम्मी, पापा से नहीं होगा. पापा झूठ बोल ही नहीं सकते.” तिला मराठी सगळं कळतं, बोलायला मात्र जीभ वळत नाही.

“अहो, नसेल जमत तर सोडा,” मी म्हटलं. “जाऊ मिरजेला. इथं काय आपली नाळ पुरलीय?”

“चंद्रप्रभा, मला चोरासारखं हाकललंय,” हे म्हणाले. “त्याच फाटकातून आत गेल्याशिवाय मी हे गाव सोडणार नाही.”

मी उठून कणीक मळायला घेतली.

साक्षीच्या दिवशी देविका आली. देविका सक्सेना. सात वर्षांची असताना पाणी बघून किंचाळायची. एक अख्खा मे महिना ह्यांनी तिच्या पोटाखाली हात धरला होता. पुढं पोरगी राज्याकडून पोहली, खेळाडू म्हणून रेल्वेत लागली. चारबाग स्टेशनच्या ऑफिसातून सुट्टी काढून आली होती. “गुरुजी के लिए गवाही दूँगी,” असं तिनं घरी येऊन सांगितलं होतं. त्रिपाठींनी तिला हात जोडून बसवून ठेवलं, कारण तिनं तोंड उघडलं तर केस बुडाली असती. ती माझ्या शेजारी बाकावर बसली.

क्लबच्या वकिलानं फायलीतून एक फोटो बाहेर काढला. गुरुपौर्णिमेचा. हे खुर्चीत, गळ्यात हार, अंगावर शाल, पायाशी पोरं.

“मज़दूर को भी कोई शाल ओढ़ाता है, मोहिते जी?”

कोर्टात लोक हसले. मला मेल्याचं टाळकं फोडावंसं वाटलं. सन्मान क्लबवाल्यांनीच करायचा, आणि तोच पुरावा म्हणून तोंडावर मारायचा?

“शाल उतारकर उसी शाम तालाब की सीढ़ियाँ रगड़ी थीं, साहब,” हे शांतपणे म्हणाले आणि दोन्ही तळहात न्यायाधीशांसमोर उघडे केले. न्यायाधीश पुढं वाकले. चष्मा लावून त्यांनी ते हात बराच वेळ पाहिले.

क्लबचा वकील जरा गडबडला. मग त्याची नजर आमच्या बाकाकडे वळली.

“वो देविका सक्सेना बैठी हैं. इन्हें तैरना किसने सिखाया?”

ह्यांनी देविकाकडं पाहिलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, आता हे खरं बोलणार. देवाशपथ सांगते, मला तेच हवं होतं. जाऊ दे म्हटलं ती नोकरी.

“मैं पानी साफ़ रखता था,” हे म्हणाले. “बच्चे ख़ुद सीख लेते थे.”

“आपने नहीं सिखाया?”

“मुझे सिखाना नहीं आता, साहब.”

स्टेनोनं ते टाइप केलं. देविकाची मान खाली गेली. बाहेर व्हरांड्यात ती ह्यांच्या पायाशी वाकली, तर हे दोन पावलं मागं सरले. “ऑफ़िस को देर होगी, बेटा. जाओ,” एवढंच म्हणाले. पोरगी रडत जिना उतरली, आणि मी कुणाकुणाला समजावणार?

निकाल लागायला शहाण्णव साल उजाडलं. मुख्य काम तलावाच्या देखभालीचं होतं, काढणं बेकायदा होतं, कामावर परत घ्या, असा हुकूम झाला. त्रिपाठी पेढे घेऊन आले. अपूर्वा नाचली. ह्यांनी पेढा तोंडात टाकला आणि शर्टाला इस्त्री करायला बसले.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. चौकीदारानं फाटक सताड उघडलं. हे मधोमध चालत आत गेले. मला तर रडूच फुटलं, पण पदरानं तोंड झाकून घेतलं.

तलावावर नवा कोच होता. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि पोरांच्या आयांशी गप्पा. हे भिंतीकडं गेले, लांब दांड्याची जाळी उचलली आणि काठानं फिरत कडुनिंबाची पानं काढायला लागले. पाण्यात एक चिमुरडी कशीबशी हात मारत होती. श्वासाला मान उशिरा वळवायची आणि नाकातोंडात पाणी घ्यायची. मला अडाणीला दिसत होतं, तर ह्यांना दिसत नसेल? त्यांची पावलं तिच्याबरोबर काठानं चालत होती.

“गुरुजी, ठीक है?” तिनं कठड्याला धरून विचारलं. तिच्या आईनं हे नाव सांगितलं असणार.

“कोच सर से पूछो, बेटा.”

मला राहवेना. मी उठून जवळ गेले. “अहो, सांगा की तिला! तो बाबा तिकडं दात काढतोय. कोर्ट काय इथं बघायला येतंय?”

“देविकाच्या तोंडावर सांगितलंय मी, मला शिकवता येत नाही म्हणून.” हे पाण्याकडं बघतच बोलत होते. “आता इथं दुसऱ्या पोरीला शिकवलं, तर देविकाला मी फुकटच नाकारलं असं होईल.”

केस जिंकल्याचा सगळा आनंद तिथल्या तिथं विरून गेला.

चिमुरडीनं पुन्हा कठडा सोडला आणि धापा टाकत पलीकडं निघाली. ह्यांनी भराभर पुढं जाऊन जाळी पाण्यात घातली. ती ज्या वाटेनं येणार होती, तिथली पानं तेवढी त्यांनी आधी उचलून घेतली.