दोऱ्याखालचा पूल

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. आमच्या गावच्या पहिल्या पोलीस ठाण्यातला. माझा जन्म बल्गेरियाच्या राजधानीत, सोफिया शहरातल्या एका छापखान्यात झाला. तिथून गुंडाळी करून मला आगगाडीने इथे आणले, जाड कापडावर चिकटवले आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे टांगले. त्या भिंतीवर दिवसभर ऊन येई. माझे हिरवे डोंगर लवकरच पिवळे पडले.

गावात ठाणी दोन. नदीच्या अलीकडचे सारे पहिल्याकडे, पलीकडचे दुसऱ्याकडे. ही हद्द चटकन दिसावी म्हणून कुणीतरी माझ्यावर नदीच्या वळणावळणाने लाल लोकरीचा दोरा बसवला. दोरा वाईट नव्हता, बरे का. त्याच्यामुळे प्रत्येक गल्लीला कुणीतरी वाली होता. हाक आली तर कोणी धावायचे, हे ठरलेले असे. तक्रार आली की अंमलदार त्या जागी टाचणी टोचे, आपल्या गाडीसाठी लाल, दुसऱ्या ठाण्याच्या गाडीसाठी निळी, मगच गस्तीची गाडी बाहेर पडे. महिनाअखेरीस जिल्ह्याचे अधिकारी येऊन टाचण्या तपासत. एखादी गाडी हद्दीबाहेर गेलेली आढळली, तर ठाणेप्रमुखांना खुलासा द्यावा लागे. "काय शिस्त आहे!" असे पाहुणे माझ्याकडे बघून म्हणत, आणि मी कापडासकट फुगत असे.

पण लोकर जाड होती. तिच्याखाली अख्खी नदी झाकली गेली होती, आणि नदीवरचा दगडी पूलसुद्धा.

संत गेओर्गीचा सण होता. नदीकाठी कोकरे भाजली जात होती, ढोल वाजत होते. भर दुपारी देनित्सा नावाची एक तरुण आई धापा टाकत ठाण्यात शिरली.

"ताई, माझा मीर्चो! चार वर्षांचा आहे. पुलावर हात सोडवून घेतला आणि गर्दीत दिसेनासाच झाला!"

पावलिना त्या दिवशी अंमलदार होती. तिने टाचणी उचलली, आणि हात तसाच थांबला. टोचायची कुठे? तिने दुसऱ्या ठाण्याला फोन लावला. तिथल्या स्तोइलचा आवाज इतका दणदणीत, की फोनमधून मलाही ऐकू येई.

"स्तोइलदादा, पुलावर लहान मूल हरवलंय. गाडी पाठव."

"पूल तुमचा गं! त्या दारुड्यानं कठडा तोडला तेव्हा तुमच्याच ठाण्यानं सांगितलं, 'पूल आमचा'."

"आणि पंचनामा करायची वेळ आली, तेव्हा आम्हीच तो तुमचा ठरवला, कबूल! आता ते उगाळू नकोस."

"अगं, साहेब आज कोकरू खाताहेत. हद्दीबाहेर गाडी घातली तर उद्या मला खातील."

देनित्सा टेबलाला वळसा घालून थेट माझ्यापाशी आली. "माझं पोर कुठल्या बाजूला आहे?"

पावलिनाचे बोट लाल दोऱ्यावर जाऊन थांबले.

"या दोऱ्याखाली आहे ना? मग उचला की तो!"

पावलिनाने नख घालून दोरा उचकटला. खाली नदी पहिल्या दिवसाइतकी निळी होती. पूल दिसला, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पाण्यात उतरणाऱ्या बारीक पायऱ्याही. त्या पायऱ्या पाहून पावलिनाचा चेहराच उतरला. तिने लाल टाचणी पुलाच्या मधोमध अशी रोवली, की माझ्यामागचा गिलावा खाली पडला.

"स्तोइलदादा, पूल माझा. माझी गाडी निघाली. पण ती अलीकडच्याच पायऱ्या बघेल. पलीकडच्या पायऱ्यांवरून तू उतर. खुलासा मी लिहीन, हवं तर तुझाही."

देनित्साने माझी कड घट्ट धरली होती. ती थोडी फाटली.

"माझी निळी टाचणीपण तिथंच टोच," स्तोइल म्हणाला. "निघालो."

त्यानंतरची वाट पाहणे मला सांगता येणार नाही. देनित्सा बसेना, पाणी घेईना. अखेर वायरलेसवर स्तोइलचा आवाज खरखरला.

"सापडला! आमच्या काठाला, शेवटच्या पायरीवर. पाय पाण्यात आणि पुढे नुसतं शेवाळ. बदकं सोडून यायला तयार नाही. मला चावलाय!"

देनित्सा तिथेच जमिनीवर बसली. आधी हसली, मग रडली.

पावलिनाला बोलणी बसलीच, माझ्यासमोरच बसली. स्तोइलही सुटला नाही. पण चार दिवसांनी दोन्ही ठाणेप्रमुख माझ्यापुढे खुर्च्या टाकून बसले. बरीच कॉफी आणि थोडे भांडण झाल्यावर ठरले: हद्दीवरची हाक ज्याला आधी ऐकू येईल त्याने धावायचे, हद्द कोणाची, ते मूल घरी पोचल्यावर बघू.

आता ठाण्यात संगणकाचे चमकते पडदे आले आहेत आणि मी बाहेरच्या बोळात आलो आहे. पडद्यावरची रेषा म्हणे केसाइतकी बारीक असते. बारीक रेषेवरही माणसे उभी असतात, मित्रांनो. ती आपोआप दिसत नाहीत, बघावी लागतात.

माझी धूळ पुसलीत तर बरे वाटेल. फाटलेली कड चिकटवली तरी चालेल. पण परवा एक कारकून चिकटपट्टी घेऊन माझ्या पुलापाशी आला होता. तिथे दोन टाचण्यांचे मिळून एक भोक पडले आहे. तेवढे मात्र बुजवू नका.