जबाबात लिहिलेलं नाव

शर्विलला दिसत नाही हे कळलं तो मंगळवार होता. डॉक्टरबाईंनी पाच महिन्यांच्या त्या पोराच्या डोळ्यांवरून बॅटरी दोनदा फिरवली, समोर धरलेला त्याच्या डोक्याचा फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि त्याच्या बापाला, गणराजला म्हणाल्या, "डोळ्यांच्या मागे रक्त साकळलंय. मेंदूवर पण. बाळाला कुणीतरी दोन्ही हातांनी धरून जोरजोरात हलवलंय."

गणराजची आई गोजाबाई लगेच म्हणाली, "त्या न्हाऊ घालनाऱ्या रंभाचंच काम हाय हे. अंघूळ झाली की पायाला धरून उलटं करायची लेकराला. मी म्हनायची, बाई, हळू. पर ऐकंल तर खरं!"

"वडील काय म्हणतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आई सांगते तसंच असेल," गणराज म्हणाला.

दुपारी चौकीतून हवालदार आला. त्याने जबाब लिहून घेतला. त्यात रंभाबाईचं नाव गेलं. गणराजने खाली सही केली. पुढे रंभाबाईला दोनदा चौकीत बोलावलं, चार तास बसवलं आणि सोडून दिलं. कागद तिथेच पडून राहिला.

भोसरीच्या त्या गल्लीत रंभाबाईने पंचवीस वर्षं बाळंतिणी आणि बाळं न्हाऊ घातली होती. पायांवर पोर आडवं घ्यायचं, तेल लावायचं, कोमट पाणी ओतायचं आणि शेवटी पाय धरून एकदा उलटं करायचं, ही तिची रीत. तिच्या सासूचीही हीच होती. आता एकेक दार बंद झालं. कुणी भांडलं नाही. "सध्या नको," एवढंच बायका सांगायच्या.

खरं काय झालं होतं ते एकट्या गणराजला माहीत होतं.

त्याची बायको वर्षाली बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी झटके येऊन गेली. गोजाबाई केजहून नातवाला सांभाळायला आली. गणराज महिन्यातून दहा दिवस तिसऱ्या शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला असायचा. त्या मंगळवारच्या दोन दिवस आधी तो सकाळी सातला खोलीवर आला तेव्हा पोर रडत होतं. गोजाबाईने रात्र जागून काढली होती. ती म्हणाली, "धर जरा, मी दूध घेऊन येते." गणराजने पोराला घेतलं, पाठीवर थोपटलं, बाटली तोंडाला लावली, खिडकीपाशी नेलं. रडणं थांबेना. सलग आठवी रात्रपाळी होती. वर्षालीच्या फोटोकडे बघून तो म्हणाला, "तू तरी सांग याला." मग त्याने पोराला दोन्ही काखांत हात घालून धरलं आणि हलवलं. "गप! गप म्हणतो ना!" किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके सेकंद.

पोर गप्प झालं. गणराजला वाटलं, झोपलं. त्याने त्याला खाली ठेवलं आणि शेजारीच आडवा झाला. त्याला बरं वाटलं होतं. हे तो पुढे कधीच विसरला नाही, की पोर गप्प झाल्यावर त्याला बरं वाटलं होतं.

नऊला रंभाबाई आली. तिने पोराला पायांवर घेतलं आणि थांबली. "गोजाबाई, लेकरू ढिलं लागतंय. आज अंघूळ नको. दवाखान्यात न्या याला."

"झोपेत हाय त्ये," गोजाबाई म्हणाली. दुपारी झटके आले, तेव्हा नेलं.

वर्ष गेलं. शर्विल आता बसतो, आवाजाकडे मान वळवतो, डावा हात-पाय जरा कमी चालतो. दर महिन्याला गणराज त्याला दाखवायला नेतो. एकदा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आम्ही आयांना सांगतो, बाळाला हलवू नका म्हणून. पण बाप वॉर्डाच्या दाराबाहेर उभे असतात. त्यांना कोण सांगणार? तुमच्या कंपनीत बोलाल का?"

डॉक्टरबाईंना नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

गणराजच्या प्रेस शॉपमध्ये, जिथे मशीनखाली पत्र्याचे भाग दाबतात तिथे, प्रत्येक शिफ्टच्या आधी पाच मिनिटं सेफ्टी टॉक होतो. सगळे पिवळ्या रेषेच्या आत उभे राहतात आणि सुपरवायझर बुद्धरत्न हातमोजे, चष्मा, प्रेसमध्ये हात घालू नका, हे सांगतो. कुणी ऐकत नाही. बुद्धरत्नला पंधरा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. गणराजने विचारल्यावर तो म्हणाला, "बोल ना राव. माझी पण रात्रभर भोंगा वाजवते. मला पण कळू दे."

दुपारची तीनची शिफ्ट होती. चाळीसेक माणसं.

"आज हातमोज्यांचं नाही," गणराज म्हणाला. "बाळांचं आहे."

"च्यायला, गणराज नर्स झाला!" मागून कुणीतरी बोललं. हशा झाला.

गणराजने तो संपू दिला. "लहान बाळाचं डोकं जड असतं, मान कोवळी असते. जोरात हलवलं की आतल्या आत मेंदू आपटतो. रक्त येतं ते आत. बाहेर ओरखडा दिसत नाही. पोर वाचलं तरी डोळे जातात, झटके येतात."

प्रेसवर डाय, म्हणजे साचे बसवणारा वजीर, गणराजचाच शेजारी, म्हणाला, "अरे भाई, आमची उझ्मा झोळीत हलवल्याशिवाय झोपतच नाही. मग काय करू, लोरी गाऊ? माझा आवाज ऐकून अजून रडेल."

"झोळी चालते, वजीरभाई. हळू झुलवलं, मांडीवर डोलवलं, त्याने काही होत नाही. राग आला की दोन हातांत धरून माणूस हलवतो ना, ते."

"रडायचं थांबतच नसेल तर?" हे बुद्धरत्नने विचारलं. तो हसत नव्हता.

"भूक, ताप, ओलं बघायचं. सगळं बघून झालं आणि आपलं डोकं फिरायला लागलं, तर बाळाला पाठीवर निजवून खाली ठेवायचं. पडणार नाही असं. आणि आपण बाहेर जायचं. दारात उभं राहायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेजारणीला हाक मारायची. थोडा वेळ रडून पोराला काही होत नाही. चुकून कुणी हलवलंच, तर लपवायचं नाही. लगेच दवाखाना. खरं सांगून."

हे शेवटचं डॉक्टरबाईंनी शिकवलेलंच होतं, पण म्हणताना त्याचा आवाज खाली गेला.

वजीर म्हणाला, "हे त्या रंभाबाईला सांगायला पाहिजे होतं, भावा. तिनंच केलं ना तुझ्या पोराचं? माझ्या बायकोनं तर तिला दारातून परत पाठवलं."

दोन-चार जणांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, "अशा बायकांना आतच टाकायला पाहिजे."

गणराजला तिथे गप्प बसता आलं असतं. पाच मिनिटं संपत आली होती.

"रंभाबाईने काही केलं नाही," तो म्हणाला. "मी केलं. तिसरी शिफ्ट करून आलो होतो. शर्विल रडत होता. मी हलवलं आणि तिच्या नावाच्या जबाबावर सही केली."

भोंगा झाला. मग एकेक जण आपापल्या मशीनकडे गेला. वजीर त्याच्याकडे न बघता पुढे गेला. बुद्धरत्न तेवढा जवळ आला. "आज प्रेसवर नको बसू. हात नाही ठिकाणावर. पॅकिंगला जा."

रविवारी गणराज रंभाबाईच्या खोलीवर गेला. ती एका मेसमधून भांडी घासून नुकतीच आली होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कंपनीत बोलला तेही.

"कंपनीत सांगितलंस. बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या गल्लीतली बाई कंपनीत येती व्हय कामाला?"

"गल्लीत पण सांगतो, मावशी."

"आन् चौकीत? तितं माझं नाव लिवून ठेवलंय. नातीचं लग्न जमत व्हतं, त्यांनी इचारलं, तुमच्यावर काय केस हाय. मी काय सांगू?"

"आतच टाकतील मला. शर्विलला कोण बघणार?"

"ते मला नको इचारू. आता कुनी दिलं तरी मी लेकरू हातात घ्यायची न्हाई. हात कापतात." तिने पदराने हात पुसले आणि भाकरीचं पीठ काढायला उठली. त्याला बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही.

त्यानंतर गणराजने गल्लीत सांगितलं. आधी आईला. गोजाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, मग नातवाला कुशीत घेऊन केजला जाते म्हणाली, पण गेली नाही. मग वजीरच्या बायकोला, मग पाण्याच्या नळावर जमलेल्या बायकांना. दुसऱ्या दोन शिफ्टनाही त्याने तो सेफ्टी टॉक दिला. बुद्धरत्नने त्यातल्या सूचना छापून जेवणाच्या खोलीत लावल्या.

चौकीसमोर तो तीनदा गेला. एकदा पायरीपर्यंत.

जबाब अजून बदललेला नाही.