वॉर्निश केलेला पोपट

आमच्या मुख्याध्यापकांच्या, म्हणजे प्रफुल सरांच्या अंगात देव येत नाही, बक्षीस येतं. गेल्या वर्षी ते बागेच्या वहीचं होतं. शाळेच्या बागेत काय उगवलं ते मुलांनी वहीत लिहायचं, चित्रं काढायची, वही सजवायची आणि चंद्रपूरच्या प्रदर्शनात मांडायची. बाग म्हणजे हातपंपाच्या सांडपाण्यावर तगलेली चार वांगी. बाकीचं रानडुकरांनी कधीच उकरून खाल्लं होतं. पण सरांना बाग कुठे हवी होती? त्यांना वही हवी होती.

"घरून बी आणा रे, कव्हरवर चिकटवा. एकदम नॅचरल वाटलं पाहिजे."

पोरांनी धान आणलं, तूर आणली. चौथीतल्या मोनालीने ओटीभर पोपट आणला. पोपट म्हणजे आमच्याकडचा वाल. तिच्या आईचा, बुधरीचा पोपट वेगळाच. जांभळ्या कडेच्या शेंगा, चव अशी की मीसुद्धा लाज सोडून मागून आणायची. सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, कुंपणावर वेल चढला की अर्ध्या वस्तीची भाजी व्हायची. पुढच्या पेऱ्याचं बी बुधरी वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात राख घालून जपायची. मोनालीने दाण्याला दाणा लावून कव्हरभर वेल काढला आणि वर लिहिलं, 'माझा पोपट'.

"अगं, घरी ठेवलंस ना थोडं?" मी विचारलं.

"नाई मॅडम. वेल पुरा कराचा होता."

मी सरांना म्हटलं, "फेव्हिकॉल ओला आहे तोवर काढून घेऊ. तिच्या घरचं सगळं बी आहे हे."

"दाणेच तर आहेत मॅडम! आणि याला कीड लागली तर?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने वॉर्निशचे दोन हात मारले. कव्हर झगमगायला लागलं.

प्रदर्शनात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "बाळा, यात पोपट कुठंय?" सगळे हसले, सर सगळ्यांत मोठ्याने. पहिलं बक्षीस मिळालं. मोनालीही हसत होती, तिला वाटलं चांगलंच झालं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि बुधरी दारात उभी राहिली.

"बाई, पोरीनं तुंबाच खाली केला. म्हणते, गुरुजीनं मांगतलं. आता मी काय पेरू?"

"अहो, ब्रह्मपुरीहून पाकीट आणून देतो तुम्हाला," सर म्हणाले.

"पाकिटाचं एक साल येते गुरुजी. मंग पुन्हा पाकीट. हे माह्या सासूनं देल्लं बी होतं. मले तेच द्या."

सरांनी कपाटातून वही काढली आणि प्रमाणपत्रासकट तिच्या हातात दिली, जणू सत्कारच करत होते. बुधरीने प्रमाणपत्र बाजूला ठेवलं. व्हरांड्यात फतकल मारून ती नखाने एकेक दाणा उकरून काढत बसली. काही फुटले, काहींबरोबर पुठ्ठा निघाला. जे निघाले ते तिने पदरात बांधले. मोनाली खांबाला टेकून बघत होती. मला सरांच्या तोंडावर वॉर्निशचा डबा ओतावासा वाटला. मी खडू उचलून वर्गात गेले.

बुधरीने दाणे भिजवले, राख लावली, कुंपणाशी पेरले. पाऊसही वेळेवर आला.

यंदाही सरांनी बागेच्या वह्या काढल्या. शाळेत बाग नाही, म्हणून घरच्या सांदवाडीचं लिहायचं ठरलं. पंधरा दिवसांनी वह्या तपासून आल्या. मोनालीच्या वहीवर सजावट नव्हती. आत 'आज काय उगवलं?' या रकान्यात रोज एकच ओळ होती, 'काई नाई'.

सरांनी लाल पेनने प्रत्येक 'काई नाई' खोडून वर शुद्ध लिहिलं होतं, 'काही नाही'. आणि खाली शेरा दिला होता, 'छान. नियमितपणा ठेव.'